'हायपोथेसीस नॉन फिंगो' : न्यूटन नेमकं काय करत नाही म्हणाला?

पाटीपेन्सिल

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक फलक लागला. वर न्यूटनचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत वाक्य : 'मी गृहीतके मांडत नाही.' दुसऱ्याच दिवशी अकरावीतला एक मुलगा प्रकल्पवही घेऊन आला. वहीत उद्देश, साहित्य, गृहीतक, कृती, निरीक्षणे असे रकाने असतात. त्याने गृहीतकाचा रकाना कोरा सोडला होता. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, दारावर लिहिलंय की मांडायचं नाही." थट्टा करत नव्हता तो, खरंच गोंधळला होता. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन शोधायला बसले. त्याला चार रात्री झाल्या. जे हाती लागलं ते इथे ठेवते. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर सांगावं.

हे वाक्य गती आणि गुरुत्वावरच्या न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या पहिल्या, म्हणजे १६८७च्या आवृत्तीत नाही. १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने ग्रंथाच्या शेवटी एक टिपण जोडलं, त्याला 'सामान्य टिपण' म्हणू. त्यात हे येतं. मूळ लॅटिन, शीर्षकातलं 'हायपोथेसीस नॉन फिंगो' ते हेच. मला लॅटिन येत नाही, दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून माझ्या मराठीत देते. 'हायपोथेसिस' म्हणजे फलकावरचं गृहीतक, 'घटित' म्हणजे जे दिसलं-मोजलं ते, आणि 'विगमन' म्हणजे काही उदाहरणांवरून सर्वसाधारण नियमाकडे जाणं :

"गुरुत्वाच्या या गुणधर्मांचं कारण मात्र मला घटितांवरून अजून काढता आलेलं नाही, आणि मी हायपोथेसिस [क्रियापद] नाही. कारण घटितांवरून जे काढलेलं नसेल त्याला हायपोथेसिसच म्हणायला हवं. आणि हायपोथेसिस, मग ते सत्ताशास्त्रीय असोत, भौतिक असोत, गूढ गुणांचे असोत की यांत्रिक असोत, त्यांना प्रायोगिक तत्त्वज्ञानात जागा नाही. या तत्त्वज्ञानात विधानं घटितांवरून काढली जातात आणि विगमनाने सार्वत्रिक केली जातात."

क्रियापदाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. सगळं भांडण तिथेच आहे. १७२९मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर, अँड्र्यू मॉटने इंग्रजी भाषांतर केलं. त्याने तिथे 'फ्रेम' हे क्रियापद घातलं, म्हणजे 'रचत नाही'. पुढची दोनशे वर्षं जगाने हे वाक्य असंच वाचलं : न्यूटन म्हणतो, शास्त्रज्ञाने फक्त निरीक्षण करावं, अंदाज बांधू नयेत. आमच्या दारावरचा फलक त्याच घराण्यातला. विसाव्या शतकात अलेक्झांडर कोयरे आणि आय. बर्नार्ड कोहेन या इतिहासकारांनी म्हटलं की 'फिंगो'ला इथे 'फेन' हा शब्द हवा, म्हणजे खोटंच रचणं, आव आणणं. कोहेन आणि अ‍ॅन व्हिटमन यांच्या १९९९च्या भाषांतरात तोच आहे.

मला कोयरे-कोहेन पटतात. एक तर खुद्द न्यूटनने इंग्रजीत लिहिताना हाच शब्द वापरलाय. प्रकाशावरच्या त्याच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथाच्या १७१७च्या आवृत्तीतल्या अठ्ठाविसाव्या प्रश्नात तो म्हणतो की निसर्गतत्त्वज्ञानाचं मुख्य काम म्हणजे 'फेनिंग हायपोथेसीस' न करता घटितांवरून युक्तिवाद करणं. दुसरं, या टिपणाचा अगदी पहिला शब्दच 'हायपोथेसिस' आहे : 'भोवऱ्यांच्या हायपोथेसिसपुढे पुष्कळ अडचणी आहेत.' म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे ते आकाशातले भोवरे, ज्यांत ग्रह वाहत जातात. शेवटाकडे हायपोथेसिसबद्दल बोलताना न्यूटनच्या डोळ्यांसमोर हे भोवरे आहेत. देकार्तने तर १६४४च्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवलं होतं की स्पष्टीकरणासाठी मी काही अशा गोष्टीही धरून चालेन ज्या खोट्या आहेत हे ठाऊक आहे. यापेक्षा उघड 'फिंगो' कुठलं?

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त थांबवलं तो शब्द म्हणजे 'अजून'. लॅटिनमध्ये 'नॉनडुम'. फलकावर येतं ते अर्धं वाक्य. 'अजून काढता आलेलं नाही' हा पूर्वार्ध कुणी छापतच नाही. तो जोडला की वाक्याचा सूरच बदलतो. कारण शोधत असलेला, न सापडल्याचं कबूल करणारा माणूस बोलतोय.

प्रश्न दोन. हे वाचन बरोबर आहे का? आणि मराठीत क्रियापद कोणतं?

रानवाटा

शाळेपासून हे वाक्य ऐकतोय. पूर्वार्ध आज पहिल्यांदा वाचला. जागा राखून ठेवतो, वाचत राहणार.

मांडवीकाठ

पाटीपेन्सिलताई, छान धागा. गोव्यात लहानपणी पाद्रींकडे लॅटिन शिकलो, त्या भांडवलावर थोडं.

'फिंगेरे'चा मूळ अर्थ मातीला आकार देणं. कुंभाराला लॅटिनमध्ये 'फिगुलुस' म्हणतात, तो याच धातूतून. त्यावरून आकृती या अर्थी 'फिगुरा', आणि मनाने घडवलेलं ते 'फिक्टिओ'. म्हणजे या एका क्रियापदात कुंभाराचं प्रामाणिक घडवणंही आहे आणि भुरट्याचं बनवाबनवीचं घडवणंही. कुठला अर्थ घ्यायचा हे कर्मावरून आणि संदर्भावरून ठरतं. त्यामुळे नुसत्या शब्दकोशाच्या जोरावर कोयरे बरोबर ठरत नाहीत. त्यांची बाजू खरी उभी राहते ती तुम्ही दिलेल्या 'ऑप्टिक्स'च्या दाखल्याने.

मॉटला मात्र इतकं झोडपू नये असं मला वाटतं. त्याच्या काळच्या इंग्रजीत 'फ्रेम'लाही वाईट अर्थ होताच, खोटी गोष्ट रचणं या अर्थाने तो वापरत. पुढे तो अर्थ झिजला आणि वाक्य नुसतं 'मांडत नाही' असं ऐकू यायला लागलं. दोष जितका भाषांतराचा तितकाच शब्दाच्या वयाचा.

जुनावाडा

मांडवीकाठ, तुमच्या 'फिंगेरे'ने एक जुना दरवाजा उघडला. संस्कृत 'दिह्' आणि लॅटिन 'फिंगो' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. माती मळणे, लिंपणे हा मूळ अर्थ. 'दिह्'पासून आपला 'देह' आला, लिंपलेला या अर्थी 'दिग्ध' आला, आणि 'सम्' लागून 'संदेह' आला. इराणी बाजूला मातीची भिंत घातलेली बाग, तिच्यापासून 'फिरदौस' आणि इंग्रजी 'पॅराडाइज'. न्यूटनच्या 'फिंगो'त आणि आपल्या 'संदेहा'त एकच माती आहे, हे मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवूनही आज जोडून पाहिलं.

आता मुद्द्याचं. पाटीपेन्सिलबाई, तुमच्या फलकावर क्रियापद चुकलंय तसं नामही चुकलंय. 'गृहीतक' म्हणजे आधी धरून चालण्याची गोष्ट. तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हायपोथेसिसला 'अभ्युपगम' म्हणतात. हा शब्द न्यायसूत्रांतला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथातला. त्याचा कर्ता गौतम, त्याने सिद्धांताचे चार प्रकार सांगितले : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. शेवटच्याचं लक्षण असं : 'अपरीक्षिताभ्युपगमात् तद्विशेषपरीक्षणम् अभ्युपगमसिद्धान्तः.' न तपासलेली गोष्ट तात्पुरती मान्य करायची, ती अशासाठी की तिच्या पुढच्या तपशिलाची परीक्षा करता यावी. वादात आपण म्हणतो ना, 'बरं, तुमचं खरं धरू, मग पुढे?' तेच.

हे तर न्यूटन सतत करतो. 'प्रिन्सिपिया'च्या पहिल्या पुस्तकात बल अंतराच्या घनाच्या व्यस्त असतं तर काय होईल, अंतराच्या सम असतं तर काय होईल, हे सगळं तपासलेलं आहे. तेव्हा 'मी अभ्युपगम करत नाही' असं भाषांतर केलं तर ते त्याच्याच ग्रंथाविरुद्ध जाईल. तो नाकारतो ते वेगळं आहे.

क्रियापदाबद्दल माझी सूचना. आपल्याकडे साक्षीदाराला बजावतात, 'पाहिलंस तेवढं सांग, पदरचं घालू नकोस.' न्यूटनचं म्हणणं मला नेमकं तेच ऐकू येतं. 'कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि मी पदरचं घालत नाही.'

पाटीपेन्सिल

सर, 'पदरचं घालत नाही'! माझी आजी हाच शब्द वापरायची. चार रात्री मी 'रचणे', 'बेतणे', 'कल्पिणे' यांच्यातच फिरत होते. 'रचणे'ची अडचण मॉटच्या 'फ्रेम'सारखीच : कविताही रचतात आणि कुभांडही.

चिकित्सक

सगळ्यांशी आदराने असहमत. 'देह' आणि 'संदेह' सुंदर आहे, पण तुम्ही सगळे एका क्रियापदाभोवती जमलात आणि पुढचं वाक्य हातातून निसटलं. 'फिंगो'चा अर्थ काहीही करा. लगेच पुढे न्यूटन म्हणतो : घटितांवरून जे काढलेलं नाही ते हायपोथेसिस, आणि त्याला प्रायोगिक तत्त्वज्ञानात *जागा नाही*. इथे 'खोटं रचलेलं' असं विशेषण नाही. प्रामाणिक अंदाज असो की बनाव, घटितांवरून निघालेला नसेल तर बाहेर. हा मनाई हुकूमच आहे. 'पदरचं घालत नाही' म्हणून तुम्ही न्यूटनला सौम्य आणि समजूतदार करताय. आजच्या शास्त्रज्ञाला आवडेल असा. तो तसा नव्हता.

आणि एक. कोयरेंचं वाचन घेतलं तर वाक्यात उरतं काय? 'मी खोटं रचत नाही.' कोण म्हणतं मी खोटं रचतो? एवढं म्हणायला न्यूटनसारख्या माणसाने ग्रंथाच्या शेवटची जागा का खर्ची घालावी?

पाटीपेन्सिल

चिकित्सक, तुमच्या आक्षेपाने मला पुन्हा रात्रभर बसवलं, आणि जे सापडलं त्याने माझं मत थोडं हललं.

ज्या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत, 'घटितांवरून जे काढलेलं नाही...', ते मूळ मसुद्यात नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीचं संपादन केंब्रिजचा तरुण प्राध्यापक रॉजर कोट्स करत होता. न्यूटनने टिपणाचा मसुदा त्याला २ मार्च १७१३ला पाठवला. १८ मार्चला कोट्सने पत्र लिहून एक शंका काढली. ती फार मोलाची आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कोट्स म्हणतो : टेबलावर दोन गोळे आहेत, अ आणि ब. अ स्थिर आहे. ब हा अ-कडे सरकतोय, कारण एक *अदृश्य हात* त्याला ढकलतोय. पाहणाऱ्याला हात दिसत नाही, फक्त सरकणं दिसतं. तो म्हणेल, ब ची ओढ अ-कडे आहे. हवं तर त्याला 'अ चं आकर्षण' म्हणेल. इथपर्यंत ठीक. पण तेवढ्यावरून, क्रिया-प्रतिक्रिया समान असतात असा नियम लावून, 'अ सुद्धा ब-कडे सरकतोय' असं त्याला म्हणता येईल का? डोळ्यांना तर अ जागच्या जागी दिसतोय. तुम्ही मात्र तिसऱ्या पुस्तकात ग्रह सूर्याकडे ओढले जातात एवढ्यावरून सूर्यही ग्रहांकडे ओढला जातो असं काढता. म्हणजे ओढणारं बल मध्यवर्ती वस्तूतच आहे हे तुम्ही न बोलता धरून चालला आहात. ही शंका मिटेपर्यंत, तुमच्याविषयी कुणी म्हणालं की हा 'हायपोथेसिम फिंगेरे' करतो, तर त्याला उत्तर द्यायला मी पुढे होणार नाही.

तेच दोन शब्द! न्यूटनचं वाक्य संपादकाने न्यूटनवरच उलटवलं होतं. त्याच पत्रात कोट्सने त्याला जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचं छापून आलेलं पत्रही दाखवून दिलं, ज्यात गुरुत्वाला गूढ गुण, म्हणजे कारण न सांगता येणारा गुण, ठरवलं होतं.

न्यूटनने २८ मार्चला उत्तर दिलं. भूमितीत हायपोथेसिस शब्दात स्वयंसिद्धं येत नाहीत, तसं माझ्या वापरात गतीचे नियम येत नाहीत. ते घटितांवरून काढून विगमनाने सार्वत्रिक केलेले आहेत, आणि या तत्त्वज्ञानात याहून वरचा पुरावा नाही. हायपोथेसिस मी म्हणतो ते फक्त अशा विधानाला, जे स्वतः घटित नाही, कुठल्या घटितावरून काढलेलंही नाही, आणि प्रयोगाच्या पुराव्याशिवाय धरून चाललेलं आहे. मग त्याने कोट्सला सांगितलं की या शब्दावरून आक्षेप येऊ नयेत म्हणून पुढची वाक्यं घाल. ती हीच : 'घटितांवरून जे काढलेलं नाही...'

तेव्हा तुमची दोन्ही वाक्यं एका श्वासात लिहिलेली नाहीत. पहिलं लायब्निझ आणि देकार्तच्या अनुयायांकडे तोंड करून आहे. दुसरं कोट्सच्या शंकेनंतर आलेलं, शब्दाच्या व्याख्येचं आहे. मी धाग्यात दोन्ही एकत्र वाचली, ती माझी चूक. दुसरं वाक्य मनाईचं आहे हे तुमचं म्हणणं मान्य. पण मनाई कुठे? 'प्रायोगिक तत्त्वज्ञानात', म्हणजे सिद्ध झालेल्या विधानांच्या यादीत. शोधाच्या वाटेवर नव्हे.

रानवाटा

टेबलावरचे गोळे आणि अदृश्य हात! हे पाठ्यपुस्तकात का नाही?

ध्रुवमत्स्य

आकाशनिरीक्षणाच्या छंदातून या ग्रंथाकडे वळलो, त्यामुळे 'घटितांवरून काढणं' म्हणजे काय हे एका उदाहरणाने सांगतो. नाहीतर ही चर्चा शब्दांतच राहील.

'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या पुस्तकातलं चौथं विधान. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ६० पृथ्वी-त्रिज्यांवर आहे. त्याची गती थांबवून त्याला खाली सोडलं, तर कक्षेच्या मोजमापांवरून हिशेब येतो की एका मिनिटात तो सुमारे १५ पॅरिस फूट (तेव्हाचं फ्रेंच माप) पडेल. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त असेल तर तेच बल जमिनीजवळ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट. मिनिटात साठ सेकंद असल्यामुळे हिशेब सुबक बसतो : जमिनीजवळ वस्तूने एका *सेकंदात* १५ फूट पडायला हवं. आणि डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने लंबकावर मोजलेला आकडा तोच आहे. म्हणून चंद्राला धरून ठेवणारं बल आणि दगडाला पाडणारं बल एकच.

यात वजन *का* असतं याबद्दल एक अक्षर नाही. सूक्ष्म कणांचा पाऊस, ईथरचा (अवकाश भरून टाकणाऱ्या कल्पित द्रव्याचा) दाब, काही नाही. ते घातलं असतं तर आकडा बदलला नसता, फक्त वाचकाला वाटलं असतं की कारणही सिद्ध झालं. जुनावाडा सरांचं 'पदरचं' मला इथे अगदी फिट बसलेलं दिसतं.

अवांतर : १६८७च्या आवृत्तीत तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला 'हायपोथेसीस' याच मथळ्याखाली नऊ विधानं होती! दुसऱ्या आवृत्तीत त्यांतली दोन 'नियम' झाली, पाच 'घटितं' झाली, एक गेलं. जगाच्या रचनेचं केंद्र स्थिर आहे हे एकच हायपोथेसिस म्हणून राहिलं. शब्दाची व्याख्या आवळल्यावर त्याने आपलं घरही आवरलं. आणि तरी एक ठेवलं, त्याच नावाने, झाकून न ठेवता.

चिकित्सक

कोट्सची पत्रं आणल्याबद्दल पाटीपेन्सिल यांचे मनापासून आभार. माझा पहिला आक्षेप त्या क्रमाने बराच सैल झाला. आता खरी अडचण 'फिंगो'त नसून 'काढलेलं' या शब्दात आहे. लॅटिन 'डेडुकितुर'.

१९०६मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर दुहेमने हे नेमकं पकडलं. न्यूटन म्हणतो, केप्लरच्या नियमांवरून (ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात वगैरे) मी गुरुत्व काढलं. पण गुरुत्व सार्वत्रिक असेल तर ग्रहही एकमेकांना ओढतात. ओढत असतील तर कक्षा नेमकी लंबवर्तुळ राहत नाही, म्हणजे केप्लरचे नियम काटेकोर अर्थाने खोटे. ज्या आधारविधानांवरून निष्कर्ष काढला, त्यांनाच निष्कर्ष खोटं ठरवतो. याला निगमन, म्हणजे आधारविधानांतून अटळपणे निघणारा निष्कर्ष, कसं म्हणायचं? मधे काहीतरी उडी आहे. आणि उडी असेल तर न्यूटनच्याच व्याख्येने सार्वत्रिक गुरुत्व हे हायपोथेसिस ठरतं.

ध्रुवमत्स्य

दुहेमचा मुद्दा मोठा आहे, पण न्यूटन इतका भाबडा नव्हता. तिसऱ्या पुस्तकातलं दुसरं विधान पाहा. वर्गव्यस्त नियम तो लंबवर्तुळाच्या आकारावरून काढत नाही. तो म्हणतो, ग्रहांचे सूर्यापासूनचे दूरचे बिंदू जागेवर आहेत, यावरून हा नियम सर्वांत काटेकोरपणे सिद्ध होतो. कारण घातांक दोनपासून जरा जरी ढळला, तरी दरेक फेरीत तो बिंदू पुढे किंवा मागे सरकेल आणि थोड्या फेऱ्यांत ते डोळ्यांत भरेल. ही पट्टी अशी आहे की आधारविधान 'जवळजवळ' खरं असलं तर निष्कर्षही 'जवळजवळ' खरा येतो. पहिल्या पुस्तकात त्याने हे आधीच सिद्ध करून ठेवलंय.

चंद्राच्या बाबतीत तर बिंदू खरंच सरकतो, फेरीमागे सुमारे ३ अंश ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). न्यूटन ते दडवत नाही. त्यावरून घातांक काढून दाखवतो, दोन आणि चार-दोनशे-त्रेचाळिसांश, आणि म्हणतो की वरचा अंश सूर्याच्या ओढीमुळे आहे. पण सूर्याच्या ओढीचा त्याचा हिशेब निम्माच बिंदूसरक देत होता! हा लोंबकळता धागा साठ वर्षं तसाच राहिला. १७४७मध्ये क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या अकादमीत सांगितलं की नियमच अपुरा आहे, त्यात आणखी एक पद घालायला हवं. आणि १७४९मध्ये त्यानेच ते मागे घेतलं. हिशेब आणखी बारकाईने केल्यावर जुन्याच नियमातून पूर्ण सरक निघाली.

तिसऱ्या आवृत्तीत (१७२६) आलेला चौथा नियम (गतीचा नव्हे, युक्तिवादाचा) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो : विगमनाने मिळवलेली विधानं, विरुद्ध हायपोथेसिस असले तरी, अचूक किंवा अगदी जवळपास खरी मानावीत, जोवर *दुसरी घटितं* ती अधिक अचूक करत नाहीत किंवा त्यांना अपवाद दाखवत नाहीत. म्हणजे न्यूटनचं 'काढणं' हे भूमितीतलं निगमन नाही. घटितांनी दुरुस्त होत जाणारं काढणं आहे.

मांडवीकाठ

टिपणाचा अगदी शेवटचा परिच्छेद कुणी आणला नाही, म्हणून आणतो. 'जागा नाही' म्हटल्यानंतर काही ओळींतच न्यूटन एका 'अतिसूक्ष्म स्पिरितुस'बद्दल, म्हणजे न दिसणाऱ्या सूक्ष्म तत्त्वाबद्दल, बोलू लागतो. ते सगळ्या स्थूल वस्तूंत भरून आहे. त्याच्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, विद्युतभारित वस्तू ओढतात आणि ढकलतात, प्रकाश परावर्तित होतो, संवेदना मेंदूपर्यंत जाते. आणि मग तो थांबतो : हे थोड्या शब्दांत सांगता येणार नाही, आणि याचे नियम ठरवायला पुरेसे प्रयोगही नाहीत.

पदरचं आहे तर मग हे! पण त्याने ते प्रयोग नाहीत असं सांगत, सिद्ध विधानांच्या बाहेर ठेवलं. आणखी एक बारकावा. मॉटच्या इंग्रजीत या स्पिरितुसला 'विद्युत आणि लवचीक' अशी दोन विशेषणं लागलेली आहेत. छापील लॅटिनमध्ये ती नाहीत. न्यूटनने आपल्या स्वतःच्या प्रतीत ती हाताने लिहिली होती. म्हणजे अंदाज त्याच्या मनात घोळतच होता.

जुनावाडा

मांडवीकाठ, याला जोडून न्यूटनने १६९३मध्ये रिचर्ड बेंटली या धर्मोपदेशकाला लिहिलेलं पत्र आठवलं. मधे काहीही नसताना एका वस्तूने दुसरीवर दुरून परिणाम करावा हे मला इतकं असंबद्ध वाटतं, असं न्यूटन त्यात म्हणतो, की विचार करण्याची कुवत असलेला कुणी ते मानेल असं वाटत नाही. कुणीतरी कर्ता असलाच पाहिजे. तो जड की अजड, हे मी वाचकांवर सोडलं आहे. असा माणूस 'कारणाचा विचारच करू नका' असं सांगणार नाही. गुरुत्वाचं कारण नाही असं त्याचं मत नव्हतंच. त्याला ते हवं होतं आणि मिळत नव्हतं. चित्रातल्या फलकावर ही तळमळ येत नाही याचं मला दुःख आहे.

चिकित्सक

चौथा नियम आणि दूरबिंदूंचा मुद्दा मान्य. दुहेमने 'काढणं' फार अरुंद अर्थाने घेतलं असं आता म्हणेन. पण एक शंका उरते आणि ती मी सोडणार नाही : कोट्सचे गोळे. ग्रह सूर्याकडे ओढला जातो हे घटितांवरून निघालं. सूर्य ग्रहाकडे ओढला जातो हे *कोणत्या* घटितावरून? न्यूटनने व्याख्या नीट केली. पण कोट्सने विचारलं होतं ते व्याख्येबद्दल नव्हतं.

पाटीपेन्सिल

न्यूटनच्या पुस्तकात दोन उत्तरं आहेत, गतीच्या नियमांनंतरच्या टिपणात. एक विचारप्रयोग : पृथ्वी एका पातळीने कापून दोन तुकडे कल्पा. त्यांची एकमेकांवरची ओढ समान नसेल, तर सगळी पृथ्वी जड बाजूच्या दाबाने मोकळ्या अवकाशात पळत सुटेल. दुसरा खराखुरा प्रयोग, आणि तो आम्ही काल केला.

न्यूटनने चुंबक आणि लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून स्थिर पाण्यावर शेजारी शेजारी तरंगवले होते. आम्ही श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत चुंबक, दुसरीत तेवढ्याच वजनाचे खिळे. पहिल्यांदा मी शिपाईमामांकडून घमेलं आणवलं आणि त्यात पाणी भरलं. चुंबकाची वाटी सरळ घमेल्याच्या काठाला जाऊन चिकटली. लोखंडी घमेलं, लक्षातच आलं नव्हतं. मग कपड्यांचा प्लॅस्टिकचा टब आणला, पंखे बंद केले, पाणी निवेपर्यंत मुलं श्वास रोखून उभी. वाट्या सोडल्या. दोन्ही सरकल्या, एकटी खिळ्यांची नव्हे. साधारण मध्यावर भेटल्या, टकरल्या, किंचित गोल फिरल्या आणि थांबल्या. थांबल्याच. कुणीही कुणाला ढकलत पुढे नेलं नाही.

तो मुलगा पुढेच उभा होता. वहीच्या कोऱ्या रकान्यात त्याने तिथल्या तिथे लिहिलं : 'चुंबक लोखंडाला जेवढं ओढतो तेवढंच लोखंड चुंबकाला ओढतं.' लिहून झाल्यावर पेन तसंच धरून म्हणाला, "मॅडम, वाट्यांचं दिसलं. पण सूर्याची वाटी कुठे दिसते?"

चिकित्सक

त्याला माझ्याकडून सांगा, कोट्सने हेच विचारलं होतं.

ध्रुवमत्स्य

आणि हेही सांगा की सूर्याची वाटी हलते. न्यूटनने हिशेबच दिलाय : सगळे ग्रह एका बाजूला आले, तरी सूर्याचं केंद्र आणि सगळ्यांचं मिळून गुरुत्वमध्य यांत जेमतेम सूर्याच्या एका व्यासाएवढं अंतर पडेल. त्या काळी ते आकाशात कुणाला दाखवता येत नव्हतं. आज दुसऱ्या ताऱ्यांचं असं डुलणं वर्णपटात मोजतात, आणि त्यावरूनच १९९५मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडला. ग्रह कुणी पाहिला नव्हता. दिसलं होतं ते ताऱ्याचं डुलणं. वर्गात दाखवायला त्याचा आलेख हवा असेल तर निरोप करा, पाठवतो.

पाटीपेन्सिल

पाठवाच, सोमवारी तास आहे. फलकाचं मुख्याध्यापकांशी बोलले, बदलायला ते तयार आहेत. पूर्ण वाक्य घालणार : 'कारण मला घटितांवरून अजून काढता आलेलं नाही, आणि मी पदरचं घालत नाही.' जुनावाडा सर, 'घटितांवरून' हा शब्द मुलांना अडेल का? 'दिसलं-मोजलं त्यावरून' असं करू का?